सोलांवरचा दगड

आईने तो दगड सोलांच्या कापडावर ठेवलाय,
वाऱ्याने कोपरा उलटू नये म्हणून.
चार कोपऱ्यांना चार वजनं:
फुटका चिरा, पाट्याचा वरवंटा,
फिलूमावशीकडून आणलेलं किलोचं माप,
आणि हा, लेच्चेहून माझ्या मोज्यात लपून आलेला,
लोण्याच्या रंगाचा, मुठीएवढा.

गेल्या उन्हाळ्यात मी इटलीच्या टाचेवर राहत होते.
नकाशात ती टाचच आहे.
बाबांनी शाळेतल्या अॅटलासवर बोट ठेवून विचारलं होतं,
"इतक्या टोकाला गो? पाय घसरला तर?"

बारा आठवडे. जुन्या दगडांच्या दुरुस्तीचा वर्ग.
आठला सुरू, एकला बंद,
मग अख्खं शहर खिडक्या लावून निजायचं
म्हापशाच्या आमच्या मामासारखं,
बनियनवर, रेडिओ चालू ठेवून.
तेवढ्यापुरतं मला परकं वाटायचं नाही.

घरमालकीण आद्दोलोराता
गच्चीवर अंजिरं वाळत घालायची,
एकेकाच्या पोटात एकेक बदाम.
"हात लावू नकोस, मोजलीत."
मी एक खाल्लं.
मोजली नव्हती.

भूतकाळ मला येत नव्हता.
आम्हाला आधी वर्तमानकाळच शिकवला.
म्हणून तिने विचारलं, वडील काय करतात,
तेव्हा मी सांगितलं: चिरे काढतात.
सकाळी सहाला जातात. डोक्याला टॉवेल बांधतात.
संध्याकाळी आंघोळीचं पाणी लाल होतं.
खाण बंद होऊन तेव्हा तिसरं वर्ष लागलं होतं.
पण त्या भाषेत ती चालू होती.
आद्दोलोराता जेवताना विचारायची, आज गेले का कामाला?
मी म्हणायचे, गेले.

सातव्या आठवड्यात भूतकाळ आला,
त्यातही दोन प्रकार, एक संपलेल्या गोष्टींचा,
एक नेहमी घडायच्या त्यांचा.
वहीत मी सगळी रूपं लिहून काढली.
तिच्यासमोर एकही वापरलं नाही.

प्रोफेसर तारान्तीनोंनी एकदा
खाणीतून नुकत्याच निघालेल्या दगडावर नखाने रेघ ओढली.
म्हणाले, आत्ता मऊ आहे,
हवा लागली की घट्ट होतो.
सगळे लिहून घेत होते.
मी सात वर्षांची असताना पीर्णच्या खाणीत
बाबांनी असंच नख लावून दाखवलं होतं:
"ताजो चिरो पावासारखो. वारें लागूं दी ताका."
मी हात वर केला,
पण चिऱ्याला त्यांच्या भाषेत काय म्हणतात ठाऊक नव्हतं.
म्हटलं, लाल असतो. भोकं असतात.
म्हणाले, स्पंज?
वर्ग हसला, मीही हसले.

परत आले ती चवथीच्या आठवड्यात.
माटोळी बांधता बांधता बाबांनी पहिलं विचारलं,
"थंयचो चिरो कितल्या इंचाचो?"
मी म्हटलं, मशीनवर हवा तसा कापतात.
"आणि भाव?"
भाव मी विचारलाच नव्हता.
"मग तीन म्हयने केलें कितें?"
आंब्याची डहाळी माझ्या हातात देऊन शिडीवरून उतरले.

खाणीत आता हिरवं पाणी आहे.
शेवऱ्याच्या गुरुदासचा मुलगा पोहताना दमला तेव्हापासून
बाबांनी कडेने पत्रे ठोकलेत.
रोज संध्याकाळी जाऊन हलवून बघतात.

आज सोलं तिसऱ्यांदा रसातून काढली.
कापड भिजलं, दगडानेही रस प्यायला,
खालचा अर्धा भाग जांभळा.
हा डाग कसा काढायचा ते मला येतं.
कागदाचा लगदा, शुद्ध पाणी,
वर थापून एक रात्र ठेवायचा, सकाळी उचलायचा.
परीक्षेत हाच प्रश्न होता,
फक्त तिथे डाग वाइनचा होता.

बाबा आले. दगड उचलला,
उलटा केला, नख लावलं.
"मोव आसा. हातूंत घर तिगता?"
चारशे वर्षं, मी म्हटलं.
काही बोलले नाहीत.
फुटका चिरा उचलून बाजूला सारला
आणि त्याच्या जागी हा ठेवला,
जिथून शापोऱ्याचा वारा येतो
त्या कोपऱ्यावर.